पांढऱ्या लंबगोलातली तीन अक्षरं

परदेशात आपली गाडी चालवायची तर तिच्या मागं आपल्या देशाची अक्षरं लावावी लागतात, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं काही कारणही नव्हतं. मी बोरीच्या शाळेत भूगोल शिकवते. भिंतीवरच्या नकाशावर मुलांना सगळं जग फिरवून आणते, पण स्वतः तोवर हैदराबादच्या पुढं गेले नव्हते.

ही हौस माझ्या मैत्रिणीची. आम्ही दोघी बोरीतच वाढलो, एका वर्गात शिकलो. परभणीच्या कॉलेजला एकाच एसटीनं जायचो आणि एकच जागा मिळाली तर निम्म्या वाटेवरच्या झरीपर्यंत एकीनं, पुढं दुसरीनं बसायचं, असा आमचा रिवाज होता. नंतर ती लग्न होऊन जिंतूरला गेली. तिच्या घरचं बी-बियाणांचं मोठं दुकान. मी बोरीतच नोकरीला लागले. माझे मिस्टर लवकर गेले, मुलगी लग्न होऊन नांदेडला. त्या सगळ्या काळात मला कुणी धरून ठेवलं असेल तर ते या मैत्रिणीनं. बाजाराच्या दिवशी मी जिंतूरला गेले नाही तर संध्याकाळी तिचा फोन ठरलेला, "कामून आली न्हाईस गं?"

तिच्या मिस्टरांनी नवी गाडी घेतली आणि जुनी उंच चाकांची डिझेल गाडी दारात पडून राहिली. ती म्हणाली, "ही आपण शिकू." आम्ही येलदरीच्या रस्त्यावर शिकलो. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. एकदा तिनं गाडी सरळ उसात घातली, तर शेतमालकानं भांडायचं सोडून आम्हाला पाणी दिलं. माझा हात लवकर बसला, तिचा जरा उशिरा. पण गाडीच्या बाहेर आलो की दोघींच्याही चालण्यात फरक पडला होता.

मग कधीतरी तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुणी एक नवरा-बायको आपली गाडी घेऊन थेट युरोपात पोचले होते. ती म्हणाली, "तू वर्गात सांगतीस ना, त्या इस्तंबूलला पुलावर उभं राहिलं की एकीकडं आशिया आन् एकीकडं युरोप? चल, बघून येऊ."

मी हसले. पण ती हसत नव्हती.

नंतरची दोन वर्षं आम्ही त्याच एका गोष्टीत राहत होतो. गाडी मुंबईहून जहाजानं आखातात न्यायची, तिथून समुद्र ओलांडून इराण, आणि इराणमधून जमिनीवरून तुर्कस्तान. परभणीला जाऊन दोघींनी बाहेरच्या देशांत चालणारा वाहन परवाना काढला. गाडीचाही एक पासपोर्टसारखा कागद असतो, तो तिच्या नावानं झाला. घरचं बघायचं तिच्याकडं, वाचायचं माझ्याकडं. कुठल्या देशात रस्त्याच्या कुठल्या बाजूनं चालायचं, कुठं काय चालत नाही, हे मी शाळा सुटल्यावर वाचत बसायची आणि फोनवर तिला सांगायची.

त्या वाचनातच मला ती अक्षरं सापडली. नियम साधा आहे. गाडी ज्या देशात नोंदलेली, त्या देशाची ठरलेली अक्षरं गाडीच्या पाठीमागं लावायची. पांढरा लंबगोल, त्यात काळी, ठळक, मोठी रोमन अक्षरं. लांबून वाचता आली पाहिजेत. त्यात चित्र नको, झेंडा नको, नाव नको. आपली अक्षरं आयएनडी.

"अगं पण ते तर हायच की नंबरप्लेटवर," ती म्हणाली. खरंच होतं. नव्या नंबरप्लेटवर डाव्या कोपऱ्यात बारीक निळ्या अक्षरांत ते छापलेलं असतं. आपल्या एमएच बावीसच्या प्रत्येक मोटारसायकलवर असतं आणि कुणी कधी वाचत नाही.

"ते आपल्या इथल्यासाठी," मी म्हणाले. "तिकडच्या पोलिसाला आपलं एमएच काय कळणार? त्याला देश कळला पाहिजे."

मला त्या अक्षरांचं वेडच लागलं. जर्मनीचं नुसतं डी, स्पेनचं ई. श्रीलंकेचं सीएल, कारण अक्षरं ठरली तेव्हा तो सिलोन होता. देशानं नाव बदललं, पण गाडीच्या पाठीवर जुनंच राहिलं. मी सातवीच्या वर्गात फळ्यावर लंबगोल काढून मुलांना ओळखायला लावायची. पोरं घरी जाऊन बापाच्या ट्रॅक्टरवर खडूनं लंबगोल काढायची.

जिंतूरला गाड्यांवर अक्षरं कापून चिकटवणारा एक रेडियमवाला आहे. माझ्याच शाळेत शिकलेला, आता त्यालाही मुलं आहेत. त्याच्याकडून मी दोन लंबगोल कापून घेतले. एक आम्ही दोघींनी मिळून गाडीच्या मागच्या दारावर लावला. तिनं एक टोक धरलं, मी फडक्यानं हवा काढत गेले. लावून झाल्यावर ती मागं सरकून बघत राहिली आणि म्हणाली, "आता वाटायलंय, जायलोत म्हणून." दुसरा मी वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीतल्या चटईखाली, जॅकच्या खाचेत ठेवून दिला. वाळवंटातल्या उन्हात पहिला सुटला तर असू द्यावा म्हणून.

उन्हाळ्याच्या सुट्टीत निघायचं ठरलं होतं. सुट्टीला अजून महिना असताना मी जिंतूरला गेले होते, तेव्हा सहज रेडियमवाल्याच्या दुकानात डोकावले. मला बघून तो लगबगीनं उठला, स्टूल पुढं केलं.

"बसा बाई. आता कशी हाय तब्येत?"

"तब्येतीला काय झालंय?" मी म्हणाले.

तो गोंधळला. "न्हाई, त्या ताई म्हणल्या, डॉक्टरनं तुमाला लांबच्या प्रवासाला नको म्हणलंय. बीपी का काय. मला लय वाईट वाटलं. एवढी तयारी तुमी केली."

त्याच्या मागं टेबलावर मोठा कागद पसरलेला होता. तिच्या गाडीच्या मागच्या काचेचं डिझाईन. तिरंगी रंगातला देशाचा नकाशा, त्याखाली 'जिंतूर ते इस्तंबूल', आणि त्याखाली दोन नावं. एक तिचं. दुसरं तिच्या थोरल्या जावेचं.

मी नावं पुन्हा वाचली. आपण वाचताना चुकलो असू, असं वाटायची तेवढीच एक जागा उरली होती.

"आन् ते पांढरं?" मी विचारलं.

"ते काढायला सांगितलंय. डिझाईन बिघडायलंय म्हणल्या. नकाशातच आयएनडी लिहून दे म्हणल्या, बारीक."

"ते चालत न्हाई," मी म्हणाले.

"मी बी म्हणलं, बाईला इचारा. तर म्हणल्या, तिला आता तरास नको द्यायला."

तिथून उठून मी सरळ तिच्या घरी गेले. ती ओसरीत भाजी निवडत होती. माझा चेहरा बघताच तिला कळलं असणार, कारण तिनं 'ये' म्हटलं नाही. मेथीची जुडी हातात तशीच धरून ती बसून राहिली.

"मी सांगणारच होते गं तुला," ती म्हणाली.

"कवा? इस्तंबूलहून?"

"यांनी परस्पर ठरवलं. जाऊबाईला पुढच्या निवडणुकीला उभं करायचंय. दोघी जावा गेल्या म्हणजे गावागावात नाव होईल. मला घरात राहायचंय, मी काय बोलणार?"

"बरं. मग माझ्या तब्येतीचं काय?"

ती मेथीची पानं खुडायला लागली.

"मला बीपी हाय म्हणून कुणी सांगितलं गावाला?"

"लोक इचारायलेत, तू कामून न्हाई म्हणून. काहीतरी सांगावं लागलं ना?"

"खरं सांगायचं."

"खरं कसं सांगू? जावेसाठी मैत्रिणीला काढलं असं? तुलाच बरं वाटलं असतं का ते, लोकांनी तुझी कीव केलेली?"

मला तिच्या अंगावर ओरडता आलं असतं. पण आतून चहाचे कप वाजत होते, कुणीतरी माझ्यासाठी चहा टाकला होता, आणि त्या घरात इतकी वर्षं मी चहा न पिता कधी निघाले नव्हते. त्या दिवशी निघाले.

नंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण त्या दिवसांत मी आजारी होते. म्हणजे गावाच्या लेखी होते. शेजारच्या काकू लिंबू-पाणी घेऊन आल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, वरच्या मजल्याचे तास दुसऱ्याला देऊ का?" कुणी लसूण खायला सांगितलं, कुणी मीठ सोडायला. मी "मला काही झालेलं नाही" म्हणाले की समोरचा समजूतदारपणे मान हलवायचा. आजारी माणूस असंच म्हणतो ना. नांदेडहून मुलीचा फोन आला, रडत. "आई, मला सोडून सगळ्या जिल्ह्याला माहीत हाय! तू मला कामून सांगितलं न्हाईस?" तिला खरं सांगितलं तेव्हा ती इतकी संतापली, की तिलाच शांत करायला माझा तास गेला.

मी स्वतः मात्र कुणाला जाऊन सांगत फिरले नाही. कुणापुढं जाऊन 'ती खोटं बोलली' म्हणायचं, तर ती कोण होती माझी, हेही सांगावं लागलं असतं.

त्या दोघी जावा निघाल्या तेव्हा जिंतूरला नारळ फुटला, हार घातले, फोटो निघाले. मी फोटोत बघितलं. मागच्या काचेवर नकाशा झळकत होता. दारावर जिथं लंबगोल होता, तिथं पुसून काढल्याचा फिकट डाग राहिला होता.

मे महिन्याच्या अखेरीला मुलगी माहेरी आली होती. आम्ही गच्चीवर कुरडया घालत होतो. चीक गरम होता, मुलगी साचा फिरवत होती, मी कुरडया पसरत होते. तेवढ्यात फोन वाजला. व्हॉट्सअपवरून, मैत्रिणीचा.

मुलगी म्हणाली, "उचलू नको."

मी उचलला.

पलीकडं वारा, गाड्यांचे हॉर्न आणि तिचा घाबरलेला आवाज. "अगं, आमी तुर्कस्तानच्या हद्दीवर हावोत. इथला माणूस आत सोडायला तयार न्हाई. मागं येतो, काच दाखवतो, हातानं गोल काढतो. मी नंबरप्लेटवरचं आयएनडी दाखवलं, नकाशातलं दाखवलं, तो मान हलवतो. त्याला ते पांढरंच पाहिजे वाटतं. इथं कुठं करून मिळंल?"

माझे हात चिकानं भरलेले होते, फोन खांद्यानं धरला होता. खरं सांगते, मनात आलं, ठेवून द्यावा. दोन जावांनी बसावं तिथं, लिहावी आपली नावं.

पण तिचा श्वास ऐकू येत होता. परीक्षेच्या आधी तिचा असाच व्हायचा.

"डिकीतली चटई उचल," मी म्हणाले. "जॅकच्या खाचेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जादा हाय."

मग दार उघडल्याचा, सामान ओढल्याचा आवाज. मग कागदाचा.

"सापडलं," ती म्हणाली.

"आधी धूळ पूस. कोरडं कर. दारावर लाव, काचेवर त्या चित्रात नको. एका टोकापासून हवा काढत ये."

"हां. हां. लावायलेय."

बराच वेळ नुसता वारा. मग तिच्या जावेचा आवाज, "सोडलं, सोडलं, चला म्हणायलाय!" आणि मग ही, फोनच्या अगदी जवळ येऊन, "तू नसतीस तर..."

"माझी तब्येत इचारायची इसरलीस तू," मी म्हणाले.

फोन कट झाला. तिनं केला की रेंज गेली, मला कळलं नाही. मुलगी माझ्याकडं बघत होती. चीक घट्ट झाला होता, त्या घाण्याच्या कुरडया धड पडल्या नाहीत.

त्या परत आल्यावर जिंतूरच्या मोठ्या हॉलमध्ये सत्कार झाला. आमच्या शाळेला निमंत्रण होतं, सगळा स्टाफ निघाला, तेव्हा मीही गेले. मला ऐकायचं होतं. ती हद्दीवरचा प्रसंग कसा सांगते, ते ऐकायचं होतं. दुसऱ्या कशासाठी मी गेले असते, असं मला वाटत नाही.

ती छान बोलली. पूल सांगितला, समुद्र सांगितला. मग हद्द आली. "तिथल्या अधिकाऱ्यानं अडवलं," ती म्हणाली, "पण आमच्या जाऊबाईंनी प्रसंगावधान राखून जवळचं स्टिकर लावलं, आणि आपल्या देशाच्या गाडीला रस्ता मोकळा झाला." टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली, "माझी एक जुनी मैत्रीण तब्येतीमुळं येऊ शकली न्हाई. तिची आठवण आम्हाला पूर्ण रस्ताभर येत होती."

आमच्या रांगेतल्या सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. प्रेमानं बघितलं, हे सगळ्यात वाईट. मी बसून राहिले. पहिल्या वेळी तिनं मला गाडीतून काढलं होतं. या वेळी मी जे केलं होतं त्यातूनही काढलं, आणि तेही माझ्यासमोर, माइकवर.

जाऊबाई निवडून आल्या. सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला त्या पाहुण्या म्हणून आमच्या शाळेत आल्या. कार्यक्रमानंतर ऑफिसात चिवडा-पेढे चालले असताना त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "मॅडम, आता बीपी कसं हाय?"

मी पेढा बशीत ठेवला. "ताई, मला बीपी कधीच नव्हतं."

त्या हसल्या. मग माझ्याकडं नीट बघून थांबल्या.

"आसं कसं? तुमीच तर माझं नाव सुचवलं ना तिला? 'माझ्याच्यानं होत न्हाई, जाऊबाईला न्या', असं तुमी म्हणल्याचं तिनं सांगितलं मला. मला कुठं जायचं होतं? मला गाडी लागती. पूर्ण रस्ताभर उलट्या केल्या मी. आमच्या घरात तर कुणालाच पटत नव्हतं. तिनंच हट्ट केला, माझ्या दीरांना, म्हणजे तिच्या मिस्टरांना मनवलं, निवडणुकीचं बी तिनंच काढलं."

"आणि हद्दीवर ते स्टिकर?"

"तिनं लावलं की. मी बाजूला ओकायली होते."

ऑफिसात गलका चालूच होता. मला मात्र तिच्या ओसरीतली ती मेथीची जुडी दिसत होती. 'यांनी परस्पर ठरवलं.' इतके दिवस मी त्या वाक्याला धरून होते. ती लाचार होती, घरच्यांपुढं तिचं चाललं नाही, असं म्हणत मी तिला निम्मं माफ करून टाकलं होतं. ते निम्मंही खोट्यावर उभं होतं.

त्याच दुपारी मी जिंतूरची एसटी धरली. ती दुकानात एकटीच होती, मिस्टर जेवायला गेले होते. बियाणांच्या थैल्यांच्या मधोमध मी उभी राहिले.

"जाऊबाई भेटल्या होत्या," मी म्हणाले. "आता खरं सांग. मला राग येवो न्हाईतर काही होवो. कामून केलंस?"

तिनं बाहेर बघितलं. गिऱ्हाईक नव्हतं. टाळायला काही उरलं नव्हतं.

"तू आली असतीस तर गाडी तू चालवली असतीस," ती म्हणाली.

"आपण दोघींनी चालवली असती."

"न्हाई. मी बसले की तू ब्रेकवर पाय ठेवायचीस, तुझ्या बाजूला ब्रेक नसताना. रस्ता तुला ठाऊक, नियम तुला ठाऊक, त्या पुलाचं नाव बी तुलाच ठाऊक. मी माझ्याच गाडीत पाव्हणी झाले असते. जाऊबाईला काहीच येत न्हाई. तिच्यासंगं मलाच सगळं करावं लागलं. मी केलं गं. वाळवंटातून मी एकटीनं गाडी काढली." हे सांगताना तिचा चेहरा उजळला. क्षणभरच, पण मी तो बघितला.

"मला म्हणायचं होतंस," मी म्हणाले. "'तू मागं बस' म्हणली असतीस, तर मी मागं बसले असते."

"बसली असतीस?"

"तू म्हणून तर बघायचं होतंस. तू मला आजारी पाडलंस गं. माझी पोरगी रडली. आन् माझ्या तोंडावर माइकवर परत तेच सांगितलंस."

"ते चुकलं," ती म्हणाली. "ते मी सांगते लोकांना."

"कवा?"

एवढ्यात एक शेतकरी आला, त्यानं उन्हाळी भुईमुगाचं बी मागितलं, आणि ती त्याला जात दाखवायला आत गेली. मी थोडा वेळ थांबले. मग निघाले.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. अजूनही बोरीत एखादी बाई मला बसमध्ये जागा देते आणि म्हणते, "बसा मॅडम, तुमाला उभं राहायचं न्हाई." मी आता वाद घालत नाही, बसते. जिंतूरला बाजाराला जाते, पण स्टँडवर परत येताना तिच्या दुकानावरून येत नाही. मागच्या गल्लीनं येते. थोडं लांब पडतं आणि तिकडं ऊनही लागतं.